रोजचा एक फोटो: ओटा, खिडकी, जिना

पागोळी

महिनाभर, घरातली एकच जागा, रोज एक फोटो. एवढाच उपक्रम. ज्यांना चित्र काढायचंय, लिहायचंय किंवा नुसती नजर तयार करायचीय, पण 'टिपू काय?' इथेच गाडी अडते, त्यांच्यासाठी हा धागा. कॅमेरा फोनचाच धरलाय.

जागा अशी निवडा जिथे उजेड एकाच बाजूने येतो. ओट्याची खिडकीकडची बाजू, जिन्याचं वळण, चपला काढतो तो दाराचा कोपरा, देव्हाऱ्यासमोरची फरशी. समोरासमोरच्या दोन खिडक्यांमधली जागा टाळा. दोन्हीकडून उजेड आला की सावल्या पुसल्या जातात आणि पातेलं आणि पातेल्याचं चित्र यांत फरक उरत नाही. सुरुवातीला गॅलरीही नको. तिथे आकाश चौकटीत शिरतं आणि फोन सगळा हिशेब आकाशाचाच धरतो.

वस्तू मांडायच्या नाहीत. काल उपडी घातलेली वाटी आज सरळ असेल, परवा तिथे कोथिंबिरीची जुडी असेल. घरातली माणसं जे बदल करतील तेच हवेत. मांडामांड सुरू झाली की तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो, कारण पुढे काय होणार ते आपल्याला आधीच ठाऊक असतं.

उभं राहायची जागाही ठरवा आणि फरशीवर चिकटपट्टीचा तुकडा लावा. फोनची मुख्य लेन्स साधारण २४ ते २६ मिलिमीटरच्या तोडीची, म्हणजे बरीच रुंद असते. जवळ जाऊन काढलं की कडेचा डबा ताणून लांबट होतो. त्यापेक्षा दीड-दोन मीटर मागे सरकून दुप्पट झूम वापरा. सेन्सर ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा असेल तर दुप्पट झूमलाही १२ मेगापिक्सेल मिळतात. जुन्या १२ मेगापिक्सेलच्या फोनमध्ये वेगळी टेलिलेन्स (लांबचं जवळ आणणारी) नसेल तर खरा तपशील ३ च उरतो, पण या कामाला तेवढे पुरतात.

सेटिंग एकदाच लावून ठेवा. चौकटीच्या रेघा चालू. फ्लॅश बंद. ब्यूटी, फिल्टर, 'सीन ओळखा' वगैरे सगळं बंद. फोटो काढताना उजेडाच्या भागावर बोट दाबून धरा, म्हणजे फोकस आणि एक्स्पोजर (फोटो किती उजळ येणार ते) लॉक होतं. मग सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढा, उणे ०.३ ते ०.७ पर्यंत. आणि प्रत्येक वेळी लेन्स पुसा, सुती कपड्याने. स्वयंपाकघरातल्या फोनवर तेलाचा पातळ थर असतोच. खिडकी चौकटीत आली की त्या थरामुळे सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो, आणि लोक कॅमेऱ्याला नावं ठेवतात.

पहिला आठवडा रोज एकाच वेळी. दुसऱ्या आठवड्यात वेळ बदला: सकाळी ७, दुपारी १२, ४, दिवेलागण. तिसऱ्यात तीच जागा हातभर अंतरावरून. चौथ्यात वस्तू टाळून फक्त सावल्या, डाग, ओल, पुसलेल्या फडक्याचे ओघळ.

दिवसाला जास्तीत जास्त पाच. रात्री त्यातला एक ठेवायचा, बाकी उडवायचे.

---

सोळा_आणे

उपक्रम आवडला. दोन अडचणी विचारते. आमच्याकडे ओट्यावर दिवसाही ट्यूब लागते आणि फोटोत आडवे काळपट पट्टे येतात. दुसरं, सकाळचा पिवळा आणि संध्याकाळचा निळसर उजेड डोळ्यांना दिसतो, पण फोटोत दोन्ही सारखेच पांढरे. असं का?

---

चिमटा

पट्ट्यांचं कारण वीज. आपल्याकडे पुरवठा ५० हर्ट्झचा, त्यामुळे ट्यूब आणि हलक्या प्रतीच्या सर्किटचे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. फोन फोटो एकदम घेत नाही, ओळीओळीने वाचतो. खिडकी चौकटीत असली की तो शटर १/५०० सेकंद वगैरे ठेवतो, मग काही ओळी उजळ क्षणात वाचल्या जातात आणि काही मंद क्षणात. उपाय दोन. प्रो मोडमध्ये (सेटिंग हाताने ठरवायची सोय) शटर १/१०० किंवा १/५० ठेवा, म्हणजे प्रत्येक ओळीच्या वाट्याला उजेडाचे पूर्ण चढउतार येतात. किंवा ट्यूब बंद करा. या धाग्याच्या हिशेबाने दुसराच बरा, कारण ट्यूब आणि खिडकी असा मिश्र उजेड असला की अर्धी भांडी हिरवट आणि अर्धी निळसर दिसतात, आणि ते नंतर कुठल्याही अ‍ॅपमध्ये नीट सुधारता येत नाही. एक रंग दुरुस्त करायला गेलं की दुसरा बिघडतो.

रंगाचं असं, की ऑटो व्हाइट बॅलन्सचं कामच मुळी पांढऱ्याला पांढरं करायचं. म्हणजे तुम्हाला जे टिपायचंय तेच तो पुसून टाकतो. प्रो मोडमध्ये व्हाइट बॅलन्स ५२०० ते ५५०० केल्विनवर (उजेडाच्या रंगाचं माप) बांधून ठेवा आणि महिनाभर हलवू नका. मग सकाळ पिवळी, ढगाळ दुपार आणि संध्याकाळ निळसर, दिवेलागणीचे दिवे नारिंगी असेच येतील. तेलाच्या निरांजनाची ज्योत साधारण १९०० केल्विन असते, ती या सेटिंगला शेंदरी दिसेल. दिसू द्या. आयफोनच्या मूळ कॅमेऱ्यात केल्विनचा आकडा देता येत नाही, त्यासाठी मॅन्युअल कॅमेऱ्याचं वेगळं अ‍ॅप लागतं.

---

उत्तरायण

वेळेबरोबर महिनाही बघा. तुमची खिडकी कुठल्या दिशेला आहे यावर अर्धा खेळ आहे.

पुणे-मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५ ते १९ अंशांवर, २१-२२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य साधारण ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या खिडकीची वरची कड जमिनीपासून ७ फुटांवर असेल तर ऊन सव्वासहा फूट आत येतं. वर दीड फुटाचा छज्जा असेल तर तेवढं वजा करा, तरी पावणेपाच फूट उरतात. मार्चच्या विषुवदिनी तोच हिशेब जेमतेम सव्वादोन फुटांवर येतो, आणि छज्जा धरला तर ऊन खिडकीच्या कट्ट्यावरच थांबतं. मेच्या मध्याला सूर्य बरोब्बर डोक्यावर, शून्य सावली. तिथपासून जुलैच्या शेवटापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन येणारच नाही.

उलट उत्तरेची खिडकी. वर्षभर तिथे मऊ, सावली नसलेला उजेड. मात्र मे आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी तिच्यातून तिरपं ऊन शिरतं, भिंतीला घासून जातं आणि गिलाव्यावरचा प्रत्येक उंचवटा दिसतो. मग पाऊस येतो आणि खेळ संपतो. उत्तरेच्या खिडकीवाल्यांनी उपक्रम मे महिन्यातच करावा.

नागपूरकरांनी शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात धरावा, गोव्यात तो मेच्या सुरुवातीलाच होऊन जातो. धाग्यावर कोणी लंडनकर असतील तर त्यांच्याकडे डिसेंबरात दुपारी सूर्य फक्त १५ अंशांवर असतो. ७ फुटांच्या खिडकीतून ऊन २६ फूट आत, म्हणजे थेट समोरच्या भिंतीवर. पडलं तर.

---

भिंगरी

कौलारू घर असेल तर खिडकी सोडा, कवडसा धरा. कौलातल्या फटीला आकार कसलाही असो, जमिनीवर पडणारा कवडसा गोल का असतो? कारण ती सूर्याची प्रतिमा असते. फट सुईछिद्राचं काम करते. प्रतिमेचा व्यास फटीपासूनच्या अंतराच्या साधारण एकशेदहावा भाग, म्हणजे १० फूट खाली पडलेला कवडसा इंच-सव्वाइंचाचा. फट मोठी असेल तर मात्र फटीचाच आकार दिसू लागतो. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे कोरीच्या आकाराचे होतात.

टिपताना एक्स्पोजर कवडशावरच लॉक करा आणि उणे १ पर्यंत खाली आणा. फोन जमिनीच्या आणि कवडशाच्या मधे 'तडजोड' करायला गेला की कवडसा पांढरा ठिपका होतो आणि आतली धूळ, लाल कोब्याचा रंग सगळं जातं. एचडीआर बंद करता येत असेल तर याच कामासाठी करा. तो तीन-चार फोटो एकत्र करून अंधार वर उचलतो, आणि इथे अंधारच हवा असतो. तिरीप दिसते ती भोवतालच्या काळोखामुळे.

---

ओसरी

स्टीलची भांडी हा कळीचा प्रश्न आहे आणि अजून कोणी विचारला नाही. घासून पालथी घातलेली भांडी समोर फार सुंदर दिसतात आणि फोटोत नुसते पांढरे चट्टे.

---

चिमटा

कारण स्टीलला स्वतःचा रंग जवळपास नाही, ते समोरचं दाखवतं. फोटो भांड्याचा नसतो, भांड्यात दिसणाऱ्या खोलीचा असतो. खिडकी छोटी आणि प्रखर असेल तर भांड्यावर छोटा प्रखर चट्टा. म्हणून खिडकीच मोठी आणि मंद करायची: जुनं मलमलचं धोतर किंवा ट्रेसिंग पेपर काचेवर लावा. चट्ट्याच्या जागी लांब मऊ पट्टा येतो आणि भांड्याची गोलाई कळते. कड पार्श्वभूमीत विरघळत असेल तर चौकटीबाहेर दुसऱ्या बाजूला काळं कापड धरा, कडेला काळी रेघ येते. तुम्ही स्वतःही भांड्यात दिसणार आहात, तेव्हा पांढरा शर्ट नको.

पोलरायझर फिल्टर घेऊ नका या कामासाठी. काचेवरचं, पाण्यावरचं, पानांवरचं प्रतिबिंब तो कमी करतो. धातूवर जवळजवळ काही करत नाही, कारण धातूवरून परतलेला प्रकाश तसा ध्रुवित होत नाही. पितळ-तांब्याचंही तेच. मात्र पितळेला रंग असल्याने ते माफ करतं.

---

सोळा_आणे

ट्यूब बंद करून बघितलं, पट्टे गेले, धन्यवाद. आता रांगोळीचं सांगा. देव्हाऱ्यासमोरची फरशी निवडलीय. गडद फरशीवर रांगोळी जळून जाते (रेघा नुसत्या पांढऱ्याफटक), आणि पांढऱ्या टाइलवर काढली की सगळंच राखाडी.

---

पागोळी

दोन्हीचं मूळ एकच. फोन समोरच्या दृश्याला सरासरी मध्यम राखाडी मानतो. चौकटीत गडद फरशी जास्त असली की त्याला वाटतं अंधार आहे, तो उजळवतो, रेघा जळतात. तिथे उणे ०.७. पांढरी टाइल जास्त असली की उलट, तिथे अधिक ०.७ ते १. हा आकडा वस्तूवर नाही, चौकटीत काय जास्त आहे त्यावर ठरतो. पांढरी गाय आणि काळी म्हैस लक्षात ठेवा: गाईला अधिक, म्हशीला उणे.

वरून काढताना फोन फरशीला समांतर हवा. रेघा चालू असतील तर बऱ्याच फोनवर फोन सपाट धरल्यावर दोन अधिक चिन्हं दिसतात, ती एकमेकांवर आली की समांतर. तुमची सावली पडत असेल तर खिडकीच्या समोरच्या बाजूला उभे राहा, खिडकीकडे पाठ नको. आणि खरं सांगायचं तर रांगोळी वरून कमी आणि जमिनीलगत तिरप्या उजेडात जास्त बोलते. चिमटीतून सुटलेल्या पुडीला उंची असते, ती बाजूच्या उजेडातच दिसते.

अवांतर: बडोद्याचे चित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या शेवटापासून खेडोपाडी फिरून भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं फोटोंत टिपली. त्यात नुसती नक्षी नाही, ती काढणारी बाई, दार, शेळी, कोनाडा सगळं आहे. रांगोळीचा फोटो काढताना हात चौकटीत आला तर 'हात काढ' म्हणू नका.

---

खडूफळा

बाकीचे चार फोटो उडवा, याला माझा ठाम विरोध. ज्या रात्री काढले त्या रात्री आपण 'चांगला' निवडतो, म्हणजे आधी कुठेतरी पाहिलेल्यासारखा. पुढे चित्रासाठी किंवा लिखाणासाठी उपयोगी पडतो तो बहुधा चुकलेला: अर्धी चौकट पडद्याने खाल्लेली, हात हललेला. जागेचा प्रश्नही नाही. रोज १० फोटो, प्रत्येकी ४ एमबी, वर्षाला १५ जीबीच्या आत. मोशन किंवा लाइव्ह फोटो बंद ठेवा, तेच दुप्पट जागा खातात.

---

पागोळी

जागेसाठी नाही म्हणत. निवडायची सवय लागावी म्हणून. पाचही ठेवले की निवड पुढे ढकलली जाते आणि फोनमध्ये अकरा हजार फोटो साठतात, जे कोणी उघडून बघत नाही.

---

खडूफळा

मग मधला मार्ग: दोन फोल्डर. रोजचा निवडलेला 'एक' मध्ये, बाकीचे 'उरलेले' मध्ये. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, उदा. २०२५-१२-०४, म्हणजे आपोआप ओळीत लागतात. 'उरलेले' महिना संपेपर्यंत उघडायचंच नाही.

---

पागोळी

हे चालेल. मूळ लेखात बदल करत नाही, पण नवीन येणाऱ्यांनी खडूफळा यांचा प्रतिसाद ग्राह्य धरावा.

---

कुंचला_ओला

चित्र काढणाऱ्यांसाठी थोडं. फोटोवरून थेट गिरवू नका. रुंद लेन्सने कडेच्या वस्तू ताणलेल्या असतात, गिरवल्यावर त्या चित्रातही तशाच येतात आणि बघणाऱ्याला काहीतरी खटकत राहतं. दुप्पट झूमचा फोटो घ्या, तो आधी कृष्णधवल करा, आणि डोळे किलकिले करून फक्त तीन छटा शोधा: कागदाचा पांढरा, एक मधली, एक गडद. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीने एवढंच मांडा, दहा मिनिटांत. हे जमलं तर रंग. तीन छटांत फोटो उभा राहत नसेल तर जलरंगात तो उभा राहणार नाही, कितीही सुंदर रंग असले तरी.

दुसरी अडचण सावल्यांची. डोळ्याला ओट्याखालच्या अंधारात निळा, जांभळा, गेरूचा रंग दिसतो. फोटोत तो नुसता काळा येतो. त्यामुळे चित्रासाठी जागा टिपताना दोन फोटो काढा, एक उजेडाच्या हिशेबाचा आणि दुसरा सूर्याचं चिन्ह वर ओढून, अधिक १ किंवा १.५ ला. पहिल्यावरून रचना, दुसऱ्यावरून सावलीतले रंग. आणि काळा रंग ट्यूबमधून थेट घेऊ नका, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय.

---

ओसरी

आणि लिहिणाऱ्यांनी? फोटो बघून 'सकाळची कोवळी उन्हं' याच्यापुढे पेन सरकत नाही.

---

खडूफळा

फोटो समोर ठेवून लिहूच नका. फोटो काढल्यावर लगेच तीन ओळी टिपा, आणि त्या तिन्ही चौकटीबाहेरच्या: कुठला आवाज येत होता, कसला वास होता, कोण नुकतंच उठून गेलं. कुकरची तिसरी शिट्टी, फोडणीत करपलेला हिंग, खालच्या मजल्यावरचं नळाचं पाणी. टंकायला कंटाळा असेल तर व्हॉइस नोट. या गोष्टी फोटोत येत नाहीत आणि दोन दिवसांत विसरल्या जातात.

मग आठ-दहा दिवसांनी फोटो उघडा आणि त्यातली फक्त नामं लिहा. विशेषणं नाहीत. पाट, चिमटा, पिशवी, खिळा, खिळ्याला काही नाही. 'खिळ्याला काही नाही' इथे थांबायचं. तिथे काय टांगलेलं असायचं, हा प्रश्न उरतो, आणि लिखाण तिथून सुटतं. 'कोवळी उन्हं' हे उजेडाचं वर्णन झालं. ते फोटोने आधीच केलंय, पुन्हा कशाला.

---

दुपारपाळी

छापायचं कोणीच बोललं नाही. पडद्यावर एकामागून एक सरकवून फोटोंचं एकमेकांशी नातं कळत नाही. तीस फोटो ४ बाय ६ इंचांत छापा आणि जमिनीवर पसरा.

लॅबमध्ये देताना एक फसगत हमखास होते. फोनचा फोटो ४:३, आणि ४ बाय ६ चा कागद ३:२. लॅबवाला कागद भरेल असं छापतो, त्यात फोटोचा नववा भाग वरून-खालून कापला जातो. कपाळ, कळसाचं टोक, भांड्याची कड जाते. 'पूर्ण फोटो हवा, बाजूला पांढरं चालेल' असं स्पष्ट सांगा, किंवा स्वतःच ३:२ करून द्या. कागद मॅट घ्या, हाताळून हाताळून चकचकीत कागदावर बोटं उठतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेल उरतो. ४ बाय ६ ला चालून जातो, कारण तिथे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १८०० बाय १२०० लागतात. ८ बाय १२ ला फाटतो. शिवाय तारीख-वेळेची माहिती फाइलमधून निघून जाते. म्हणून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्ह न्या.

पसरल्यावर तारखेने लावू नका. जोड्या लावा: सारखा आकार, सारखा रंग, विरुद्ध उजेड. जे दहा-बारा कुठेच बसत नाहीत ते बाजूला. मग 'उरलेले' फोल्डर उघडा. जोडीला अडलेला फोटो तिथे सापडण्याची शक्यता चांगली आहे. (खडूफळा, तुमचा मुद्दा बरोबर होता.) तीस फोटोंचे आठ झाले की एक मालिका झाली असं समजा.

एकाच खिडकीचं काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण प्रागचा जोसेफ सुदेक. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेलेला माणूस. १९४० ते १९५४ त्याने स्वतःच्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढले: काचेवरचं बाष्प, बर्फ, पलीकडचं वाकडं झाड, कट्ट्यावर ग्लास.

---

भिंगरी

बाष्पावरून आठवलं, चहाची वाफ. मागून उजेड आणि त्यामागे गडद भिंत असेल तरच ती दिसते. मे महिन्याच्या दुपारी दिसणारच नाही, गरम कोरड्या हवेत ती दोन बोटांवर विरते. डिसेंबरची सकाळ किंवा पावसाळा. नाइट मोड बंद, तो अनेक फोटो जोडून वाफ पुसतो. शटर १/१२५ च्या आसपास.

---

ओसरी

शेजारच्यांच्या खिडक्या, जिन्यातली मुलं?

---

पागोळी

जिन्यात माणसं येणारच. ओळखता येतील अशी असतील तर विचारून, मुलांच्या बाबतीत आईवडिलांना विचारून. समोरच्या इमारतीच्या खिडकीत झूम करायचं नाही, ते छायाचित्रण नाही. इथे फोटो चढवण्याआधी कॅमेऱ्यातलं लोकेशन बंद करा, नाहीतर फाइलबरोबर घराचा पत्ता जाऊ शकतो.

---

सोळा_आणे

शेवटचं एक. कपाटात जुना डीएसएलआर आहे. त्यावर केलं तर? सध्या पाऊस आहे.

---

चिमटा

आधी लेन्स टॉर्चसमोर धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी आहे. ती बाहेरून पुसून जात नाही, लेन्स उघडून साफ करावी लागते. ती लेन्स बाकीच्या लेन्सबरोबर एका डब्यात ठेवू नका. साफ असेल तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि स्वस्तातला आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. ३० च्या खाली फार काळ गेलं तर रबर आणि वंगण कोरडं पडतं. निळी सिलिका गुलाबी झाली की तिचं पाणी भरलं, मंद आचेवर तव्यावर परत निळी करून घ्या. तवा जुना घ्या, पोळ्यांचा नको.

एसीच्या खोलीतून ओट्यापाशी आणताना कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, नाहीतर काचेवर बाष्प धरतं. ५० मिलिमीटरची लेन्स असेल तर तीच लावा आणि झूम विसरा. एपीएस-सी सेन्सरवर (बऱ्याच डीएसएलआरमधला लहान सेन्सर) ती ७५ ते ८० च्या तोडीची होते, म्हणजे तुमची चिकटपट्टी अजून मीटरभर मागे सरकवावी लागेल. स्वयंपाकघरात तेवढी जागा आहे का ते आधी मोजा.

---

सोळा_आणे

मागे फ्रिज आहे. फोनच बरा.